समुद्रसपाटीपासून

कोचरेकर सरांनी खडूने डोंगर काढला
रिंगच्या खांबामागच्या भिंतीवर.
म्हणाले, मोठे संघ उंचावर जाऊन राहतात.
तिथली हवा पातळ, पाणी घातलेल्या ताकासारखी;
रक्त जास्त राबायला शिकतं,
मग खाली आल्यावर चौथ्या क्वार्टरलाही
पाय ताजे.

आम्ही अकरा मुली. पाठीमागे उभादांड्याचा समुद्र,
रिंगला खाऱ्या वाऱ्याची खरूज,
बॉल दवाने जड.
जोस्फीनने विचारलं, सर, आपण आत्ता किती उंचावर?
सरांनी बंदराकडे बघितलं.
"भरतीला चार हात. ओहोटीला जरा बरं."

डिसेंबरात एसटीने आंबोलीला गेलो.
नऊ दिवस, शाळेच्या हॉलात, सतरंज्यांवर.
धुक्यात पास दिला की
बॉलच्या आधी त्याचा आवाज पोचायचा.
रोज सकाळी सर प्रत्येकीच्या बोटाला
तो छोटा चिमटा लावायचे.
अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.
तिथले गवंडे डॉक्टर हसले:
मास्तर, एवढ्या उंचीवर फक्त भूक वाढते,
रक्ताला कळायचंसुद्धा नाही.

माझा नंबर आला तेव्हा मी हात मागे घेतला.
सर म्हणाले, अगं, दुखत नाही.

मला तो चिमटा माहीत होता.
ओरोसच्या वॉर्डात बाबांच्या बोटाला होता.
नर्स व्हिडिओ कॉलवर आधी आकडा दाखवायची,
मग बाबा.
एक्क्याण्णव. सत्त्याऐंशी. ब्याऐंशी.
हाच माणूस निवतीच्या खडकांखाली
शिणाण्यांसाठी बुडी मारायचा,
आणि मी होडीत बसून मोजायचे,
एकशे तीस, एकशे चाळीस,
मध्येच एखादा आकडा चुकायचा,
आणि चुकला तरी काही बिघडायचं नाही.

मग सरांनी मास्क मागवले. काळे, नाकाशी झडपा असलेले.
जोस्फीन दुसऱ्या फेरीला ओकली.
मी माझा दप्तरातून बाहेरच काढला नाही.
आमच्या वाडीने पातळ हवा
फुकटात खाल्लीय, सर.
हे मी बोलले नाही.

एका संध्याकाळी बाबा मैदानाच्या कठड्यावर येऊन बसले.
बराच वेळ बघत राहिले आमची धापाधाप.
"श्वास धरूचो नसता गो," म्हणाले, "इसरूचो असता.
धरलंस की तोच हात पिळता."
दुसऱ्या दिवसापासून ओल्या वाळूत धावलो
श्वास आधी सोडून देऊन, रिकाम्या छातीने.
आठ पावलं. मग बारा.
सर शिट्टी घेऊन उभे होते, वाजवायची कधी ते न कळून.
बाबा म्हणाले, दर्यात शिट्टी नसता,
थांबूचा कधी ता आपणच ठरवूचा.

कोल्हापूरला हरलो. सहा गुणांनी.
चौथ्या क्वार्टरला पाय ताजे होते, हे खरं.
नेम शिळे निघाले.
परतताना घाटात सगळ्या झोपल्या होत्या.
कान बंद झाले, मी आवंढा गिळला, उघडले,
एवढीच खाली उतरल्याची खूण.

रस्त्यापासून आमच्या ओटीपर्यंत
जांभ्याच्या सात पायऱ्या.
बाबा बॅटरी घेऊन न्यायला आले होते.
माझी बॅग त्यांनीच खांद्याला लावली,
ऐकलं नाही,
आणि चौथ्या पायरीला थांबले.
रोज तिथेच थांबतात. हात कमरेवर, तोंड समुद्राकडे,
कुणाची होडी यायची राहिल्यासारखे.
त्यांची आंबोली चौथ्या पायरीला लागते.

मी पुढे गेले होते, सहावीवर.
उतरून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिले,
बॉल काखेत,
आणि मोजू लागले मनातल्या मनात,
एकही आकडा न चुकवता.