एका घोड्यामागे एक पोतं

एकतीस वर्षं कळमन्याच्या धर्मकाट्यावर
मी ट्रकांची वजनं लिहिली.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक म्हणजे माल.
त्या फरकावरून माणसं भांडायची
आणि मी खिडकीतून पावती सरकवायची.
कुठल्या ट्रकात किती घोड्यांचं इंजिन,
कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आता वाडीच्या गॅरेजात दोन गाड्या उभ्या आहेत,
दोन्ही जुन्या, दोन्हींनी वऱ्हाडं वाहिलेली.
एकीच्या काचेवर अजून कुण्या चि. सौ. कां.चा
अर्धा कागद चिकटलेला.
एक शहात्तर घोड्यांची, दुसरी एकशे पंधरा.
मधल्या एकोणचाळीस घोड्यांचे
सव्वादोन लाख.
म्हणजे माझ्या फंडातला नेमका तो तुकडा
ज्याला माझी नणंद वच्छला "औषधपाणी" म्हणते.

मेकॅनिकचं आडनाव घोडेस्वार.
मला हसू आलं तर म्हणाला,
"हसा बाई, सारेच हसतात.
पण आत काय काय कोंबता, ते सांगा आधी."

वच्छलानं वही उघडली.
पाण्याची टाकी, शंभर लिटर.
सिलिंडर भरलेला, म्हणजे तीस किलो.
बॅटऱ्या, पलंग, गाद्या, कूलर,
तांदूळ, डाळ, लोणच्याच्या दोन बरण्या.
आम्ही दोघी.
तिनं आपलं वजन पाच किलो कमी सांगितलं,
मी वहीत खरं लिहिलं.
मग हळूच म्हणाली, "पाटा-वरवंटा."
मी म्हटलं, नाही.
"जवसाची चटणी मिक्सरात होत नाही."
तर मग होऊ नये.

गाडीसकट बेरीज अडतीसशे.
शहात्तरनं भागलं तर पन्नास.
एका घोड्यामागे एक पोतं.
माझ्या डोळ्यांपुढे शहात्तर घोडी उभी राहिली,
प्रत्येकाच्या पाठीवर तुरीचं पोतं,
आणि मे महिना, आणि सावली नाही.

"आणि एसी लावला तं पाचसहा घोडे तोच खाते,"
घोडेस्वार म्हणाला.
"नागपुरात काय जी, सपाटीवर
साऱ्याच गाड्या शहाण्या. गडावर नेऊन पाहा."

मग आम्ही जे घ्यायचं त्याच्या वजनाएवढी रेती भरली
आणि शहात्तरवाली रामटेकला नेली.
चढाला तिसरा गिअर सुटला, मग दुसरा.
काटा लाल रेघेला टेकू लागला.
कठड्यावरून एक माकड आमच्या बरोबरीनं येत होतं,
धावत नव्हतं, चालत होतं,
मधेच थांबून खाजवून घेत होतं
आणि तरी पुढे.
मागच्या कारवाल्यानं हॉर्न सोडलाच नाही.
वच्छला समोरची दांडी धरून बसली होती,
वर्ध्याच्या पलीकडे कधी न गेलेली वच्छला,
तोंडानं काहीतरी पुटपुटत. मला वाटलं, रामरक्षा.
कान दिला तर, "चल गं बाई. चल गं माय."

चढली.

वर बॉनेट उघडून घोडेस्वारनं पाणी ओतलं.
"घोडे पळाले लागतात," तो म्हणाला,
"चढाले लागते ते टॉर्क. ओढ म्हणा ना.
हिच्यात पळ नाही, पण ओढ आहे."
आणि फडक्याला हात पुसले,
जणू काही विशेष बोललाच नव्हता.

सव्वादोन लाख जागच्या जागी राहिले.
एसी रद्द.

निघायच्या पहाटे मीच गाडी काट्यावर चढवली,
माझ्याच जुन्या खिडकीसमोर.
अडतीसशे तीस.
मी वाकून मागचे पाटे पाहिले.
वच्छला खिडकीतून कांद्यांचे ट्रक पाहत होती,
फारच मन लावून.
तिच्या पलंगाखाली जुन्या लुगड्यात
काहीतरी गुंडाळलेलं, चौकोनी, जड.

खिडकीतलं नवं पोरगं म्हणालं,
"मावशी, माल काय लिहू?"
मी तोंड उघडायच्या आत वच्छला म्हणाली,
"चटणी लिही."