लाटांची वेळ

कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून
पॅकिंगच्या आम्हा एकोणीस जणींना
रबाळ्याहून बसने घोडबंदरला नेलं.
विटाव्याच्या पुलाखाली बस अडकली
तेव्हा पावणेदहा.
पावणेदहाला रोज आमचा पहिला चहा असतो.
कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना तहान लागली.

गेटवर पिशव्या उघडायला लावल्या.
गुलाब केणीचा डबा बाहेर राहिला,
तांदळाची भाकरी, सुकट.
डब्याला कुपन दिलं, आणि आम्हाला
मनगटावर निळे कागदी पट्टे.
"बाळंतपणाच्या वॉर्डात पोराला बांधतात तसा,"
गुलाब म्हणाली, "आता अदलाबदल नाय व्हायची."

मग कपडे. भाड्याचे. नायलॉनचे.
वर पन्नास रुपये अनामत.
माझ्या पोटऱ्या उन्हात आल्या,
कुंडी उचलल्यावर खालची फरशी दिसते
तशा पांढऱ्या, गोल, अनोळखी.
आम्ही एकमेकींकडे बघेचना.
शेवटी शालन दुधवडकर वाकली
आणि स्वतःच्या गुडघ्याला म्हणाली,
"काय रे, ओळखलंस का?"
त्यानंतर जे हसू सुटलं
त्यात दोघींच्या लॉकरच्या किल्ल्या हरवल्या.

मोठ्या घसरगुंडीला चार मजले जिना.
वरून येऊरचा डोंगर दिसतो,
टॉवर दिसतात, खाडीची एक मळकट रेघ दिसते.
शिट्टी गळ्यात घातलेला पोरगा,
माझ्या धाकट्याएवढा,
म्हणाला, "मावशी, आडव्या व्हा.
पाय जुळवा. हात छातीवर."
मी हात छातीवर घेतले.
असं मी एकदा निजवलं होतं,
ह्यांना, कळव्याच्या हॉस्पिटलात,
पाय जुळवून.
"मावशी, भीती वाटते का?"
मागे रांग होती.
म्हटलं, सोड.

नळीत अंधार आणि पाणी आणि कुणीतरी ओरडत होतं,
बाईच होती,
फार जोरात, लाज सोडून.
खाली पडले, नाकातोंडात पाणी,
उभी राहिले तेव्हा घसा बसला होता.

दुपारी लाटांच्या तलावात
आम्ही गुडघाभर पाण्यात गप्पा मारत असताना
भोंगा झाला.
तोच. तस्सा. लांब आणि सपाट.
एकोणीस जणी एका दमात वळल्या,
पायऱ्यांकडे, कार्ड पंच करायला.
शालनचा हात तर केसांच्या टोपीकडे गेला.
काठावरचा गार्ड हातवारे करत राहिला,
"ओ ताई, कुठे चाललात?
लाटा येतायत, लाटा!"

इथे समुद्र वेळेवर येतो.
दहा मिनिटं, मग सुट्टी.
गुलाब पाणी हुंगून म्हणाली, "याला वासच नाय,"
पण पहिली लाट आली तेव्हा
तीच पाठ देऊन उभी राहिली
आणि माझा दंड धरून ओरडली,
"आंग सैल सोर गो! रोवू नको पाय,
उचल!"
सतरा वर्षं आम्ही बेल्टच्या आमनेसामने उभ्या,
तिचा सासरा दिव्याला होडी चालवायचा
हे मला त्या दिवशी कळलं.

मी पाय उचलले.
पाण्याने मला धरलं,
फार नाही, चार-पाच वेळा.

परतताना डबा मिळाला. थोडा आंबूस.
मानपाड्याच्या सिग्नलला एकोणीस घास झाले,
विसावा ड्रायव्हरला, त्याने खिडक्या उघडल्या
तरी तो मिटक्या मारत होता.

रात्री गादी हलत राहिली.
सुनेनं पट्टा कापायला कात्री आणली होती,
म्हटलं, राहू दे, सकाळी बघू.
झोप लागता लागता लक्षात आलं,
माझे हात छातीवर आहेत.
काढले.
एक भिंतीला लागला, गार.
एक पलंगाबाहेर, लोंबता,
जाईल तिकडे.