पंचनामा

चौथा रकाना : घरात पाणी किती फूट?
हरिपुरात, शेवंताक्काच्या उंबऱ्याला लागून
परत फिरली कृष्णा.
चूल कोरडी. चार दिवस थंडही.
मळे बुडाले, तिची मजुरी बुडाली —
मजुरीला रकाना नाही.

"दोन लिहा की मास्तर, तुमच्या हातात हाय."

नववी आज्ञा रविवारशाळेत मीच शिकवतो.
शेजाऱ्यावर प्रीती करा, हेही मीच,
त्याच फळ्यावर, त्याच खडूनं.

प्रभू, तू एकदा वाकून मातीत बोटानं लिहिलंस;
काय, ते कुणी टिपून ठेवलं नाही.

मीही वाकलोय. भिंतीला हात लावून ओल शोधतोय,
पेनाचं टोपण दातांत.
"च्या टाकते," म्हणत ती आत गेली.
साखरेचा डबा खरवडल्याचा
आवाज येतोय.