ठिपके

हातिमभाईंनी झाकण उघडलं आणि आधी वास घेतला.
"तेल सूख के गोंद हो गया, भिया."
सियागंजच्या बोळात, जिऱ्याच्या पोत्यांमागे
एक टेबल, एक भिंग,
आणि पोट उघडून पडलेलं
माझं चौऱ्याहत्तर सालचं रेकॉर्ड प्लेअर.

रबराच्या चाकाला एका जागी चपटेपण आलंय,
म्हणून दर फेरीला तो ठक्.
सुई मागवावी लागेल, आठ दिवस.
सगळं मिळून चार हजार दोनशे.
"और नया लेना हो तो ले लो," ते म्हणाले,
"मैं बुरा नहीं मानूँगा, दुकान मानेगी."

नव्याचा फोटो मुलीनं भोपाळहून पाठवलाय.
काळं, सपाट, इस्त्री केल्यासारखं.
बत्तीस हजार. दोन वर्षांची हमी.
बाजू संपली की सुई आपली आपण उचलली जाते.
चांगलंच आहे.
आमच्याकडे त्यासाठी कुणीतरी उठायचं,
आणि उठलेल्या माणसाला
चहा टाकायला सांगता यायचं.

मग हातिमभाईंनी निऑनची नवी कळी लावली
आणि थाळी फिरवली.
थाळीच्या कडेला ठिपके कोरलेले असतात,
वेग बरोबर असेल तर त्या उजेडात
ते फिरता फिरता उभे दिसतात.
आमचे उभे नव्हते.
मुंग्यांच्या रांगेसारखे
सावकाश मागे चालले होते.
"कब से?"

काय सांगणार.
जुनी कळी पहिल्याच उन्हाळ्यात गेली होती.
मी वीज मंडळातला माणूस,
पन्नास ठोक्यांच्या विजेवर एकतीस वर्षं पगार खाल्ला,
आणि एवढीशी कळी बदलली नाही.
म्हणजे सुरुवातीपासून,
म्हणजे त्या बाईंचा यमन
आम्ही सगळा जन्म
जरा खालून ऐकला.

आणि नलू त्यावरच शिकली.
शाळेतून आली की दप्तर न काढता
तबकडीबरोबर गायची, तिच्याहून मोठ्यानं.
परीक्षेला परीक्षकांनी पेटीवर
पांढरी पाच दाबली, मग काळी चार,
मग पुन्हा पांढरी.
"मुली, तू नक्की कुठे आहेस?"
ती दोन पट्ट्यांच्या फटीत होती.
बाहेर ओट्यावर मी तिची चप्पल धरून बसलो होतो.
नापास होऊन आली, बोलली नाही,
सराफ्यात जिलबी घेऊन दिली ती खाल्ली,
नंतर कधी पेटीबरोबर गायली नाही.

रात्री बिलासपूरला फोन लावला.
नले, तू बेसूर नव्हतीस. मशीन होतं.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली,
मग दुसरी.
"बरं," ती म्हणाली.
"आता दुरुस्त करणार?"
विचारतोय तेच.
"मला काय विचारतोस, मला आता जिने चढताना
पांढरी एकही लागत नाही."
हसली. मग म्हणाली, थांब, गॅस बंद करते,
आणि परत आल्यावर
नातवाच्या दाताबद्दल बोलत राहिली.

सकाळी पुन्हा सियागंज.
चाक बदला, सुई घाला, तेल नवं.
वेगाचं मात्र...
हातिमभाई चष्म्यावरून बघत राहिले.
मी वाक्य पुरं केलं नाही.
त्यांनी स्क्रूच्या खाचेसमोर
पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढली.
"ये आपकी पुरानी जगह.
मैं सही करके देता हूँ.
वापस जाना हो तो इत्ता घुमाना."
आणि अंगठ्यानं दाखवलं किती,
तिळाएवढं.

रिक्षात मांडीवर घेऊन आलो.
राजवाड्यापाशी अर्धा तास अडकलो,
रिक्षावाल्यानं विचारलं, "पेटी है क्या?"
हो म्हटलं.

आज चौथा दिवस.
वाटेत हलू नये म्हणून हाताला बांधलेला दोरा
अजून तसाच आहे.
बाजूला एक पेचकस काढून ठेवलाय.
मुलीला कळवलंय, नवं नको.
तिनं विचारलंय, मग कसं वाजतं?