फोटोखालची ओळ

फेअरबँक्सजवळच्या छावणीत, उणे अडतीसला,
बॅटऱ्या मी काखेत ठेवते,
अंडी उबवावीत तशा.
कॅमेरा एकदम उबेत आणायचा नाही,
पिशवीत बांधून तासभर दाराशी ठेवायचा,
नाहीतर भिंगाला आतून घाम सुटतो.
हे मेरीलँडच्या शाळेत कुणी शिकवलं नाही.
तिथे शिकवलं : आधी हुद्दा, मग नाव,
मग क्रियापद, आणि ते नेहमी वर्तमानकाळी.
सैनिक पूल बांधतो. सैनिक बर्फ उपसतो.
"फोटोत काल नसतो," सार्जंट ब्रॅन्टली म्हणायचे,
खडूचा हात पँटला पुसत.

फेब्रुवारीत एल्डन नागेआक दिसला,
ट्रकच्या पायरीवर,
खिशातल्या चाकूने गोठलेलं संत्रं फोडताना.
संत्रं दगड झालेलं. निसटलं, बर्फात गेलं,
आणि तो हसला,
पुढचा दात अर्धा तुटलेला,
हेल्मेटचा पट्टा गळ्याशी लोंबता.
मी बटण दाबलं. एकदाच.
दुसऱ्यांदा बोटं ऐकेनात.

कॅप्टनने पडद्यावर बोट टेकवलं : पट्टा.
"चांगला आहे गं. पण पट्टा."
फोटो नापास.
मी वाद घातला नाही.
त्याच आठवड्यात तिघांना पट्ट्यावरून
मीच हटकलं होतं.

एप्रिलात सरावाचं हेलिकॉप्टर डोंगराआड गेलं
ते गेलंच.
बातमी मी लिहिली, इथे बातम्याही मीच लिहिते :
एकशे चाळीस शब्द. वय एकवीस, गाव कोट्झब्यू.
होता. होता. होता.
सोबत भरतीच्या वेळचा फोटो,
झेंड्यापुढे ओठ शिवून बसलेला
कुणीतरी मुलगा.

मग आईचा फोन. मागे कुत्री भुंकत होती.
"त्यात तो दात लपवतोय," ती म्हणाली,
"दुसरा आहे का तुमच्याकडे?"

नापास फोटो तीस दिवसांत पुसायचे असतात.
हा मी पुसला नव्हता.
आळस म्हणा.

जाड कागदावर छापला.
मागे ओळ लिहायला बसले
आणि पेन क्रियापदाशी अडलं.
हीटर खडखडत होता. कॉफीवर साय धरली.
शेवटी शाळेत शिकवलं तसंच लिहिलं :
प्रायव्हेट एल्डन नागेआक संत्रं फोडतो.
मग आठवलं, फुटलं नव्हतं ते.
खोडून नीट लिहिलं :
संत्रं फोडू पाहतो.
पट्टा सुटलेला आहे.