बावीस वळणं

खालच्या गावाला स्टेशन आहे, औषधांचं दुकान आहे,
मंगळवारी मासळी, शुक्रवारी डॉक्टर.
वरच्या गावाला वारा आहे
आणि नऊ माणसं;
साव्हेरियो तुरीनला लेकीकडे गेला, की आठ.

मधे बावीस वळणं.
एकतीस वर्षं टपालाची गाडी घेऊन मी ती चढले, उतरले.
गिअर कुठे बदलायचा, हे माझ्या गुडघ्याला झोपेतही कळतं.
आता गाडी खात्याकडे जमा, टोपी फडताळात,
आणि जो तो विचारतो, फोर्तुनाता, राहणार कुठे?
जणू इतकी वर्षं मी कुठे राहतच नव्हते.

खाली भाच्याने जागा बघितलीय. तिसरा मजला, लिफ्ट.
समुद्र इतका जवळ की दिसत नाही, नुसता ऐकू येतो,
शेजारी रात्रभर कपाट सरकवत असावेत तसा.
ऑगस्टात छत्र्या, आइस्क्रीम, मिलानची पोरं.
नोव्हेंबरात रस्त्यावर वाळू,
आणि खारी हवा बिजागऱ्या खात बसते, सावकाश,
दात नसलेल्या माणसासारखी.

वर इम्माकोलाताचं घर.
जाताना किल्ली तिने माझ्या हातात ठेवली,
साधं पत्र ठेवतात तशी, सही न घेता.
अंजिराची फांदी खिडकीतून आत आलीय, मी तोडली नाही.
तिथून समुद्र अख्खा दिसतो,
ताटात वाढलेला, पण हात पोचत नाही.
जानेवारीत नळ गोठतात.
छातीत कळ आली, तर अँब्युलन्सला तेराव्या वळणावर
दोनदा मागे यावं लागतं.
कोसिमोच्या वेळी बॅटरी मीच धरली होती.

आमचे जुने लोक गलबतांच्या धाकाने वर गेले,
नातवंडं आगगाडीच्या शिट्टीमागे खाली आली.
भीतीने चढले, पोटाने उतरले.
मी कशाने ठरवू?
मला भीती फारशी नाही, आणि भूक
एका वाटीची.

उतरताना त्यांनी संत रोकोलाही खाली आणलं,
त्याच्या कुत्र्यासकट.
वर्षातून एक दिवस ट्रकमध्ये बसवून वर नेतात,
दोऱ्यांनी बांधून, संध्याकाळी परत.
एका वर्षी ट्रक बंद पडला. संत रात्रभर
आपल्या जुन्या कोनाड्यात राहिला,
आणि बायका खुर्च्या आणून बसल्या, काही न मागता.
त्यालाही कुणी विचारलं नव्हतं, कुठे राहणार.

परवा पेन्शनचं पाकीट फिरून परत आलं.
त्यावर शिक्का: पत्ता अपूर्ण.
तो शिक्का माझा ओळखीचा. त्याची शाई
कितीदा माझ्या अंगठ्याला लागलीय.

नवा पोरगा म्हणाला, मावशी, वर मी आता
सोमवारीच जातो, तेही काही असलं तर.
आणि मला फिलोमेना आठवली.
एकोणीस वर्षांत तिला एकही पत्र आलं नाही,
पण हॉर्न वाजला की ती दारात.
मी मान हलवायची, नाही म्हणून.
ती मान हलवायची, बरं म्हणून.
आमचं एवढंच बोलणं, रोजचं.

मी फॉर्म मागितला. पत्ता लिहिला, वरचा.
मग तीन मासिकांची वर्गणी भरली:
एक बागकामाचं, एक विणकामाचं,
एक मोटारसायकलींचं, कारण ते दर आठवड्याला निघतं.
माझ्या नावाचं काही आलं, की गाडीला
यावंच लागेल.

मासळीला मंगळवारी उतरेन, त्याच गाडीतून,
पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर.
पोराला एवढंच बजावलंय,
एकोणिसाव्या वळणावर हॉर्न दे, लांब.
शाल सापडायला तिला वेळ लागतो.