बांधांविषयी

राइनिवाओ संध्याकाळी आला, अंगणातच थांबला.
"यंदा बांध लवकर फुटले," म्हणाला.
मी म्हटलं, "माती भुसभुशीत आहे."
मग तो गुरांवर बोलला,
अंत्सिराबेच्या रस्त्यावर,
थोरलीच्या खोकल्यावर.

कोपऱ्यात त्याचं फावडं उभं,
गेल्या कापणीपासून माझ्याकडे.
दांड्याची चीर माझ्या हातची.
त्याने तिकडे एकदाही पाहिलं नाही.
इतकं नेमकं न पाहणं
आधी पाहिल्याशिवाय जमत नाही.

कॉफी झाली.
नुरूने विचारलं, "अजून थोडी?"
"पोट भरलं," म्हणाला;
कप होता तिथेच राहिला, तोंड वर करून.
तिने ओतली.

व्याकरण लावून पाहिलं तर
तासाभरात मागणी नाही,
तक्रार नाही,
आज्ञार्थ एकच, तोही कुत्र्याला.

तो गेल्यावर कंदिलापाशी बसून
मी निलगिरीचा नवा दांडा तासला,
हाताला कुसळ लागणार नाही इतका.
पहाटे फावडं त्याच्या भिंतीला टेकवलं.
खाकरलोसुद्धा नाही.

आज बाजारात भेटला.
"बांध?" मी विचारलं.
"घालतोय. हाताला बरं लागतंय."
काय बरं लागतंय, ते बोलला नाही.
मी कुठे 'चुकलो' म्हटलं होतं,
की त्याने 'असू दे' म्हणावं?

मग त्याने त्याच्या थोरलीसाठी पीच निवडले,
मीही एक-दोन टोपलीत टाकले.
तेरा भरले.
विकणारी म्हणाली,
"मला बाई बारापुढे मोजता येत नाही."